प्रश्न वाचकांचे : जीडीएची परीक्षा, प्रथमोपचार आणि घरातली रुग्णसेवा

जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणजे जीडीए, होम हेल्थ एड (घरी जाऊन रुग्णसेवा करणारा सहायक) आणि प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राची तयारी करणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून एकच उत्तर दिलं आहे.

प्रश्न : दहावीनंतर मी एका नर्सिंग होममध्ये मावशी म्हणून काम करते. आता जीडीएची परीक्षा द्यायची आहे. काम सगळं येतं, पण परीक्षेची भीती वाटते. अभ्यास कसा करू? — एक वाचक, परभणी

ताई, ज्यांना काम येतं त्यांचेच गुण प्रात्यक्षिकात जास्त जातात. कारण सवयीने तुम्ही पटकन मधल्या कामाला हात घालता. परीक्षकाच्या कागदावर मात्र त्या कामाच्या आधीचं आणि नंतरचंही लिहिलेलं असतं. रुग्णाला चादर बदलून देणं असो की तापमान घेणं, सुरुवात एकच : हात धुणं, नमस्कार करून स्वतःचं नाव आणि काम सांगणं, रुग्णाचं नाव त्यालाच विचारून मनगटावरच्या पट्टीशी किंवा केसपेपरशी जुळवणं, काय करणार ते सांगणं, ‘करू का?’ असं विचारणं, पडदा ओढणं. शेवटही एकच : रुग्णाला आरामात ठेवणं, कठडा वर करणं, घंटी आणि पाणी हाताशी ठेवणं, कचरा योग्य डब्यात टाकणं, हात धुणं, नोंद करणं. ही दोन टोकं पाठ झाली की निम्मी परीक्षा झाली, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरं, सराव करताना तोंडाने बोला. तुम्ही चाकाच्या खुर्चीचा ब्रेक पायाने लावलात आणि परीक्षक नेमका कागदाकडे बघत असला, तर त्याच्या लेखी ब्रेक लागलाच नाही. ‘ब्रेक लावला, हलवून पाहिलं’ असं म्हटलं की प्रश्न मिटतो. घरातल्या कुणाला तरी खाटेवर झोपवून, दुसऱ्याच्या हातात पायऱ्यांची यादी देऊन सराव करा. यादी वाचणाऱ्याने मध्ये टोकायचं नाही, फक्त राहिलेल्या पायरीवर खूण करायची.

हात धुण्याचं काम सोपं वाटतं, पण तिथेच खूप जण अडकतात. साबण-पाण्याने पूर्ण क्रिया ४० ते ६० सेकंदांची, हँडरबने (हाताला चोळायच्या सॅनिटायझरने) २० ते ३० सेकंदांची. राहून जातात त्या जागा ठरलेल्या आहेत : अंगठा, नखांची टोकं आणि हाताची मागची बाजू. अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवायचा, नखं विरुद्ध तळव्यावर घासायची. अंगठी आणि बांगड्या आधी काढायच्या. बांगड्या काढायच्या नसतील, तर त्या वर सरकवून पक्क्या करता येतात का ते प्रशिक्षकांना आधीच विचारा. परीक्षेच्या खोलीत तो वाद नको. नळ कोपराने किंवा टिश्यूने बंद करा. धुतलेल्या बोटांनी नळ पिळला की सगळं धुणं वाया गेलं.

तुमच्यासारख्या आधीपासून काम करणाऱ्यांसाठी आरपीएल, म्हणजे पूर्वीच्या शिक्षणाला आणि अनुभवाला मान्यता देणारा मार्गही आहे. प्रवेश घेण्याआधी केंद्र हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलशी जोडलेलं आहे का, प्रत्यक्ष रुग्णालयातलं प्रशिक्षण किती तासांचं आहे आणि ते कुठे होणार, हे तीन प्रश्न लेखी विचारा. ज्या केंद्राला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, तिथे फी भरू नका.

प्रश्न : बीपी मोजताना माझा आकडा आणि मॅडमचा आकडा जुळत नाही. कधी २० चा फरक येतो. माझं काय चुकतं? — एक वाचक, इचलकरंजी

बहुतेक वेळा चूक कानांची नसते, तयारीची असते. म्हणून क्रमाने तपासा.

रुग्ण ५ मिनिटं शांत बसलेला हवा. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, जिना चढणं नको. लघवी तुंबलेली असली तरी आकडा वाढतो. मोजताना रुग्णाने बोलायचं नाही आणि तुम्हीही त्याला ‘काय काका, नाश्ता झाला का?’ असं विचारायचं नाही.

मग कफ, म्हणजे दंडाला बांधायचा हवेचा पट्टा. आतल्या रबरी पिशवीने दंडाचा किमान ८० टक्के घेर व्यापला पाहिजे. जाड दंडाला छोटा कफ बांधला की आकडा खोटा जास्त येतो. वीसचा फरक येतो तो पुष्कळदा इथूनच. कफची खालची कड कोपराच्या घडीच्या २ ते ३ सेंटिमीटर वर, आणि बाही गुंडाळून दंड आवळलेला नको. दंड हृदयाच्या पातळीवर, टेबलावर टेकवलेला. हात १० सेंटिमीटर खाली लोंबत असला तर पारा साधारण ७ ते ८ मिलिमीटर जास्त दाखवतो.

आता मोजणी. आधी मनगटावरची नाडी बोटांनी धरून हवा भरा. नाडी लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेवा, हवा पूर्ण सोडा, अर्धा-एक मिनिट थांबा. मग स्टेथोस्कोप कोपराच्या आतल्या बाजूला ठेवून त्या आकड्याच्या ३० वर हवा भरा. ही पायरी वगळण्याचा मोह होतो. पण उच्च रक्तदाबाच्या काही रुग्णांत आवाज वर सुरू होतात, मध्ये थोडा वेळ गडप होतात आणि खाली पुन्हा ऐकू येतात. तुम्ही अंदाजाने कमी हवा भरली असेल, तर त्या शांत पट्ट्यातच सुरुवात होते आणि १८० चा रुग्ण १४० चा म्हणून नोंदला जातो.

हवा सोडायची सेकंदाला २ ते ३ मिलिमीटरने. घाईने सोडली की वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त येतो. पहिला स्पष्ट ठोका वरचा, आवाज पूर्ण थांबतो तो खालचा. डायलवरच्या रेघा दोन-दोनच्या असतात, म्हणून १३० किंवा १४० असं गोल करू नका. १३४ असेल तर १३४ लिहा. पुन्हा मोजायचं तर १-२ मिनिटांनी, कफ पूर्ण रिकामा करून.

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास विचारतात : कोणत्या हाताला कफ बांधायचा नाही? डायलिसिससाठी फिस्टुला (धमनी आणि शिरेची जोड) केलेला हात, स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हात, सलाइन चालू असलेला हात.

नाडीचंही इथेच सांगून टाकतो. अंगठ्याने मोजायची नाही, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. नियमित असेल तर ३० सेकंद मोजून दुप्पट चालते, अनियमित असेल तर पूर्ण १ मिनिट. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नका आणि तसंच छातीकडे बघत श्वास मोजा. श्वास मोजतोय असं कळलं की माणसाचा श्वास बदलतो. प्रौढाची नाडी विश्रांतीत ६० ते १००, श्वास १२ ते २०. ऑक्सिमीटरचा आकडा विचित्र वाटला तर आधी बोट गार पडलंय का, नखाला गडद रंग आहे का ते बघा.

प्रश्न : एका शिबिरात सीपीआरला (हृदय थांबल्यावर छातीवर दाब आणि श्वास देण्याला) ३० दाब आणि २ श्वास शिकवले, दुसऱ्यात ‘फक्त दाब द्या’ म्हणाले. परीक्षेत कोणतं करायचं? — एक वाचक, म्हापसा

दोन्ही शिबिरांनी बरोबरच सांगितलं, पण दोघांपुढची माणसं वेगळी होती. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सर्वसामान्य नागरिकांसाठी फक्त छातीवर दाब देण्याची पद्धत ठेवली आहे, कारण अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायच्या विचाराने लोक थबकतात आणि दाबही देत नाहीत. तुम्ही प्रशिक्षित सहायक म्हणून परीक्षा देणार आहात आणि समोर श्वास देण्याचा मास्क किंवा अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) ठेवलेली असेल, तर ३० : २. मास्क ठेवलेलाच नसेल तर तसं बोलून दाखवा आणि दाब चालू ठेवा. बुडालेला माणूस आणि लहान मूल यांच्या बाबतीत मात्र श्वासांना फार महत्त्व आहे, कारण तिथे हृदय सहसा प्राणवायू न मिळाल्याने थांबलेलं असतं.

क्रम असा : जागा सुरक्षित आहे का ते पाहणं. खांदे थोपटून मोठ्याने हाक मारणं. प्रतिसाद नसेल तर एका व्यक्तीकडे बोट दाखवून ‘तुम्ही १०८ ला फोन लावा, एईडी असेल तर आणा’ असं सांगणं (एईडी म्हणजे हृदयाची लय परत आणण्यासाठी विजेचा झटका देणारं यंत्र). ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की कुणीच करत नाही. श्वास पाहायला १० सेकंदांहून जास्त नाही. मधूनच येणारा आचका किंवा घरघर म्हणजे श्वास नव्हे. ते पाहून ‘श्वास चालू आहे’ असं म्हणणं ही परीक्षेतली आणि रस्त्यावरची सगळ्यात महाग चूक आहे.

तळहाताची टाच छातीच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर. खोली ५ ते ६ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०. कोपर ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर, जोर कमरेतून. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमल्यावर माणूस नकळत छातीवर रेलून राहतो, छाती फुगत नाही आणि हृदयात पुढच्या दाबासाठी रक्तच भरत नाही. म्हणूनच दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा, दम लागला असो वा नसो. प्रत्येक श्वास १ सेकंदाचा, छाती हलकी वर येईल इतकाच. जास्त फुंकलं तर हवा पोटात जाते आणि उलटी होते. रुग्ण मऊ गादीवर असेल तर खाली फळी सरकवा किंवा त्याला जमिनीवर घ्या, नाहीतर तुम्ही गादीच दाबत राहाल.

जुन्या नोट्सवर अभ्यास करत असाल तर दोन बदल लिहून घ्या. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२५ च्या मार्गदर्शनानुसार तान्ह्या बाळाला दोन बोटांनी दाब द्यायचा नाही. दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी, किंवा एका तळहाताच्या टाचेने द्यायचा. आणि मोठ्या माणसाच्या घशात घास अडकला, बोलता-खोकता येत नसलं, तर आधी पाठीवर ५ थापा, मग पोटावर ५ झटके, असं आळीपाळीने. तुमचं केंद्र कोणती आवृत्ती शिकवतं ते विचारा आणि परीक्षेत तीच करा.

प्रश्न : अपघातातल्या माणसाला मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागतो का? — एक वाचक, चाळीसगाव

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता देण्याची सक्तीही करता येत नाही.

प्रश्न : अर्धांगवायू झालेल्या आजोबांना खाटेवरून चाकाच्या खुर्चीत बसवताना माझी कंबर धरते आणि तेही घाबरतात. योग्य पद्धत सांगा. — एक वाचक, सातारा

कंबर धरते याचा अर्थ तुम्ही त्यांना उचलता आहात. उचलायचं नाही. त्यांना त्यांच्याच चांगल्या पायावर उभं राहायला मदत करायची आणि वळवायचं.

खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला, खाटेला थोडी तिरकी, अगदी चिकटवून. ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा किंवा बाजूला फिरवा. पट्टीत पाय अडकून पडणारे रुग्ण पुष्कळ. आजोबांना कुशीवर वळवून खाटेच्या काठावर बसवा आणि १-२ मिनिटं तसंच बसू द्या. झोपून एकदम उठलं की रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. चेहरा बघा, ‘गरगरतंय का?’ विचारा. पायात न घसरणारी चप्पल हवी, नुसते मोजे नकोत.

कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तोच धरा. लुळा हात किंवा काख धरून कधीही ओढू नका. लुळ्या बाजूचे स्नायू खांदा धरून ठेवत नाहीत, सांधा निखळतो आणि महिनोन्महिने दुखतो. तुमच्या गळ्यात हात घालायला सांगू नका, घाबरले की ते मान खाली खेचतील. तुमचे पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. तुमचा गुडघा त्यांच्या कमजोर गुडघ्यासमोर टेकवा, म्हणजे तो दुमडणार नाही. त्यांना पुढे झुकायला सांगा, ‘एक, दोन, तीन’ म्हणा आणि एकत्र उठा. छोट्या पावलांनी वळा. मांडीमागे खुर्चीची कड लागली की चांगल्या हाताने दांडा धरायला सांगा आणि सावकाश बसवा.

मध्येच ते कोसळायला लागले तर धरून ठेवायचा हट्ट करू नका, दोघंही पडाल. एक पाय पुढे करून त्यांना तुमच्या मांडीवरून हळूहळू जमिनीवर घसरू द्या आणि डोकं सांभाळा. मग लगेच उठवू नका. दुखतंय कुठे, पाय वाकडा दिसतोय का ते बघा आणि मदत बोलवा.

घरातला दिवाण फार बुटका असतो, ही खरी अडचण आहे. गुडघे कमरेच्या वर राहिले की कुणालाच उठता येत नाही. दिवाणाच्या पायांखाली खोबणीचे पक्के ठोकळे ठेवून उंची गुडघ्याइतकी करा. विटा मात्र ठेवू नका, त्या सरकतात.

प्रश्न : पडून असलेल्या रुग्णाच्या पाठीला स्पिरिट आणि पावडर लावून मालिश करावी असं आमच्या जुन्या पुस्तकात आहे. हवेची गादी घेतली तरी हे लागतं का? — एक वाचक, लातूर

स्पिरिटने त्वचा कोरडी पडते, घामात पावडरीच्या गुठळ्या होतात आणि लाल झालेल्या जागी चोळलं तर आतल्या पेशी आणखी फाटतात. ती पद्धत सोडा. कोमट पाण्याने पुसा, टिपून कोरडं करा, साधं मॉइश्चरायझर लावा.

दर २ तासांनी कूस बदलणं हवेच्या गादीवरही चुकत नाही. पूर्ण काटकोनात कुशीवर नको, नितंबाच्या हाडावर सगळा भार येतो. पाठीमागे उशी देऊन ३० अंश तिरकं ठेवा. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. वर सरकवताना ओढू नका, खालच्या आडव्या चादरीसकट दोघांनी उचला. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. पांढरा होऊन परत लाल झाला तर अजून वेळ आहे. लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली आहे. त्याच दिवशी नर्सला कळवा आणि त्या बाजूवर झोपवू नका.

प्रश्न : आमच्याकडे शेतीभाग आहे. सर्पदंशावर प्रश्न येतो म्हणतात. नेमकं काय लिहायचं? — एक वाचक, देवगड

येतो, आणि तुमच्या भागात तो फक्त परीक्षेपुरता नाही. महाराष्ट्रात जिवावर बेतणारे मुख्य विषारी साप चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसं.

करायचं ते : माणसाला झोपवून धीर द्या. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण, घट्ट कपडे काढा, कारण सूज आली की तेच आवळतात. चावलेला हात किंवा पाय काठी नाहीतर पुठ्ठा बांधून हलणार नाही असा ठेवा, हाड मोडल्यावर ठेवतो तसा. चालू देऊ नका. चावल्याची वेळ लिहा. १०८ ला फोन करा, गाडी लवकर येणार नसेल तर मिळेल त्या वाहनाने प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्या. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर.

करायचं नाही ते : कापणं, चोखणं, बर्फ, आवळून दोरी बांधणं, दारू किंवा काढा पाजणं, मांत्रिक. साप मारून बरोबर नेण्याच्या नादात दुसरा माणूस चावला जातो. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

मण्यारीचं वेगळं लिहा, गुण मिळतील आणि कदाचित जीवही वाचेल. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. खूण आणि सूज जवळपास नसते. पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणतो, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. याला अपचन समजून ओवा देत बसू नका. पापण्या मिटायला लागल्या की पुढे श्वास थांबू शकतो.

प्रश्न : ‘रुग्णाची प्रतिष्ठा आणि गोपनीयता’ यावर व्हायवात काय सांगायचं? नुसती व्याख्या दिली तर सर समाधानी होत नाहीत. — एक वाचक, वर्धा

सरांचं बरोबर आहे. व्याख्या कुणीही पाठ करतो. तुम्ही काय करता ते सांगा. आजींना अंथरुणात अंघोळ घालताना जेवढा भाग पुसतो तेवढाच उघडा ठेवतो, बाकी अंगावर चादर. गाऊन की साडी, आधी तोंड की आधी चहा, हे त्यांना विचारतो. हात लावण्याआधी सांगतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या समोर येऊन, तोंड दिसेल असं बोलतो. कपडे घालताना कमजोर हात आधी, काढताना चांगला हात आधी. डायपर बदलताना नातेवाइकांनाही बाहेर थांबायला सांगतो. रुग्णाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकत नाही, अगदी ‘बऱ्या झाल्या’ म्हणून कौतुकाचाही नाही.

विसरभोळेपणाच्या आजारात आजी ‘मला आईकडे जायचंय’ म्हणाल्या, तर ‘तुमची आई केव्हाच गेली’ असं सांगू नका. प्रत्येक वेळी त्यांना त्या बातमीचा धक्का नव्याने बसतो. ‘आईची आठवण येतेय का? काय करायची ती?’ असं विचारा आणि मग हळूच दुसऱ्या कामाकडे वळवा.

नोंद हा याच विषयाचा भाग आहे. ‘आजी चिडचिड करत होत्या’ ही नोंद नव्हे, ते तुमचं मत झालं. ‘स. ९.१० ला गोळी देऊ केली. “नको” म्हणाल्या, ग्लास बाजूला सारला. ९.३० ला पुन्हा विचारलं, नकार. नर्सना कळवलं.’ ही नोंद. चूक झाली तर खोडरबर किंवा व्हाइटनर नाही, एक रेघ मारून सही.

अंगावर न जुळणारे काळेनिळे डाग, घरच्यांसमोर गप्प होणं, बँकेच्या कागदांवर अंगठा घेण्याची घाई दिसली, तर स्वतः भांडायला जाऊ नका, पण गप्पही बसू नका. वरिष्ठांना लेखी कळवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक पाठ असू द्या.

प्रश्न : घरी ड्यूटीवर असताना नातेवाईक ‘सलाइन लाव, इंजेक्शन दे, पैसे वेगळे देतो’ म्हणतात. नाही म्हटलं तर काम जाईल. — एक वाचक, बदलापूर

नाही म्हणा. जीडीए किंवा होम हेल्थ एडच्या कामात शिरेत सुई घालणं आणि इंजेक्शन देणं बसत नाही. काही वाईट झालं, तर ‘यांनीच सांगितलं’ हे तुम्हाला वाचवणार नाही. डॉक्टरांनी लिहिलेल्या आणि आधीच काढून ठेवलेल्या गोळीची आठवण करणं, पाणी देणं, गिळली का ते बघणं आणि नोंद करणं, इतकं तुमचं. नाकातल्या नळीने आहार देणं किंवा लघवीच्या पिशवीची देखभाल नर्सने समोर शिकवली असेल आणि ते तुमच्या कामाच्या कागदावर असेल तरच करा. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, दोन-तृतीयांश भरायच्या आत रिकामी.

बोलण्याची पद्धत ठरवून ठेवा : ‘काका, हे मला करता येत नाही, त्याची परवानगी नाही. मी आत्ता एजन्सीला फोन करते, ते नर्स पाठवतील.’ एवढं बोलून लगेच त्यांच्यासमोरच फोन लावा. व्हायवातही हा प्रसंग देतात, आणि तिथे ‘मला येतं, मी देईन’ म्हणणाऱ्याचे गुण जातात. कामाला जाताना पहिल्याच दिवशी, पैशांचं ठरवतानाच, काय करणार आणि काय नाही याचा कागद दोघांच्या सहीने करून घ्या.